पाणी उतरून राहिलं

मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी गावच्या बोडीत, म्हणजे शेताकाठच्या लहान तळ्यात, एकदा बुडता बुडता वाचलो, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझी छाती धडधडायला लागते. पोहायला मी शेवटपर्यंत शिकलो नाही. आणि अशा माणसाला खात्यानं पंचवीस पावसाळे पुलावर बसवलं! खात्याच्या अंकासाठी कामातलं काहीतरी लिहा असं सांगणं आलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमी काय लिहान, आयुष्यभर तं भेवतच राहिले." तेच लिहितो. दुसरं मला नीट येत नाही.

मी मैलकुली होतो. रस्त्याचा ठरावीक तुकडा एकेका माणसाच्या अंगावर असतो. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, मोऱ्यांमधला गाळ काढायचा. कागदोपत्री आता या कामाला काहीतरी भारदस्त नाव दिलंय, पण साकोलीपासून एकोडीपर्यंत कोणालाही विचारा, मैलकुलीच म्हणतील. माझ्या तुकड्यात एक नदी येत होती आणि नदीवर एक बुटका पूल होता. मोठा पूर आला की पाणी त्याच्यावरून जायचं. तो बांधलाच होता तसा. पाण्याशी भांडायचं नाही, पाणी आलं की मुकाट्यानं बुडायचं आणि ओसरलं की पुन्हा वर यायचं.

या पुलाचे कठडे पाडता येतात हे सांगितलं की शहरातले पाहुणे हसतात. कठडा काय पाडायची वस्तू आहे? पण आमचे कठडे बिजागरीचे होते. प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक लोखंडी खिट्टी. हातोड्यानं ती काढली की कठड्याचा तुकडा पुलावर आडवा पडायचा. पुरात झाडं, काटक्या, गवताचे भारे, कधी आख्खं छप्पर वाहत येतं. कठडा उभा असला तर ते सगळं त्याला अडकतं, पुलाचं धरण होतं आणि नदी पूलच उचलून नेते. म्हणून पूर यायच्या आधी कठडे पाडायचे आणि रस्त्यावरची आडकाठी खाली घ्यायची. पूर गेल्यावर कठडे उभे करायचे, मग आडकाठी वर. दोन माणसं लागली तर पाऊण तासाचं काम.

हे कधी करायचं ते ठरवायला पुलाच्या एका खांबावर पांढरा पट्टा रंगवलेला होता. पाणी पट्ट्याला लागलं की बंद. पट्ट्याच्या खाली जाऊन तासभर तिथंच राहिलं की सुरू. एवढाच नियम. माझ्याआधीच्या मैलकुलीनं मला तो तोंडी सांगितला होता आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. मला वाचायला येत होतं, पण पट्ट्याला वाचणं लागत नव्हतं.

आडकाठीपाशी उभा राहणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "भाऊ, जाऊ का?" मी त्याला कधीही "जा" म्हटलं नाही. आपल्याकडे निघताना माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. मग पाण्यावर निघालेल्याला "जा" कसं म्हणावं? मी आडकाठी वर करून "या" म्हणायचो. लोकांना माझं हे माहीत झालं होतं आणि ते मुद्दाम विचारायचे.

भांडणारेही पुष्कळ भेटले. एकोडीच्या बाजाराला जाणारा एक मिरचीवाला दर पुरात मला ऐकवायचा की त्याला पोहता येतं. मी म्हणायचो, तुला येतं, तुझ्या मिरच्यांना येतं का? एकदा एक मोठे साहेब जीपमधून आले. पाणी पुलावरून वीतभर वाहत होतं. उघड म्हणाले. साहेबाचीही भीती आणि पाण्याचीही. मी आडकाठीशेजारच्या चौकीतून नोंदवही आणली आणि म्हटलं, "साहेब, इथं लिहून द्या, माझ्या जबाबदारीवर जातो म्हणून." साहेबांनी पेन काढला, वहीकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली. त्या दिवशी मला स्वतःचा जरासा अभिमान वाटला. भित्र्या माणसाची अक्कल अशीच चालते. दुसऱ्याला घाबरवता आलं की तो सुटतो.

मग नवा पूल मंजूर झाला. उंच, रुंद, कधी न बुडणारा. जुन्याच्या शेजारीच, खालच्या अंगाला. ठेकेदारानं खांब रोवण्यासाठी नदीच्या पात्रात मातीचा मोठा भराव टाकला आणि नदीला वाहायला अर्धीच जागा उरली. भराव खालच्या अंगाला, त्यामुळे पाणी मागे फुगायला लागलं. आणि त्या पावसाळ्यात माझा नियम बदलला. एकदा नाही, तीनदा.

पहिला कागद आला तो असा, की ठेकेदाराच्या गाड्या चिठ्ठी दाखवून केव्हाही जातील आणि पलीकडच्या काठावर त्यांचाच माणूस बसेल. म्हणजे एका पुलाला दोन राखणदार. दुसरा कागद आला की पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर खाली नवा लाल पट्टा मारला आहे, आता तो पाळावा. भरावामुळे फुगलेलं पाणी त्या लाल पट्ट्याला उन्हातसुद्धा लागून असायचं. आभाळ निळं, नदी गाईसारखी गरीब, आणि माझी आडकाठी खाली. ओळीनं तीन दिवस! ऐन रोवणीचे दिवस ते.

इथं देवकाबाईची ओळख करून देतो. ती माझ्याच गावची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. रोवणीच्या बायांच्या टोळीची पुढारीण. एकोणीस बाया घेऊन ती रोज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नदीपलीकडच्या बांध्यांमध्ये धान रोवायला जायची. रोवणारी बाई डाव्या हातात रोपांची पेंडी धरते आणि उजव्या हातानं एकेक चूड चिखलात खोचते. देवकाबाईचा डावा हात पेंडीतून रोपं इतक्या झटकन सोडायचा, की तिच्या ओळीला उभी राहायला बाकीच्या बाया घाबरत. तोंडही तसंच चालायचं.

"शालिकराम नाव कोणं ठेवलं गा तुमचं? भेवराम ठेवाले पायजे होतं."

"बाई, कागद आला आहे. पट्ट्याला पाणी लागलं की बंद."

"तुमचा पट्टा रोज अंघोळ करते! तिकडं पऱ्हे पिवळे पडून राहिले. उद्या रोवलं तरी धान येते का त्याले?"

तिचं खरं होतं. रोपं वयाची झाली की ती रोवून उपयोग नसतो. तिसऱ्या दिवशी तक्रार वर गेली आणि तिसरा कागद आला. दोन्ही पट्टे रद्द. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराजवळ, दुसऱ्या एका रपट्यावर, म्हणजे तसल्याच बुटक्या पुलावर, नवी चौकी बसवली होती. तिथला माणूस फोन करेल, त्या निरोपावर उघडायचं आणि त्या निरोपावर बंद करायचं. तिथून आमच्यापर्यंत पुराला यायला तासभर लागतो. शेवटची ओळ होती, की निरोप मिळूनही उघडण्यास विलंब केल्यास जबाबदारी चौकीवरील कर्मचाऱ्याची राहील. तिन्ही कागद मी भाताच्या शितांनी चौकीच्या टिनावर एकावर एक चिकटवले. त्या शेवटच्या ओळीची मला पाण्याइतकीच भीती वाटायची.

वरच्या चौकीवरच्या माणसाचं नाव तेजराम. तो दूर बपेऱ्याकडचा, बदलून आलेला. मी त्याला पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा झाला होता. रोज सकाळी फोन, "सब ठीक आहे, शालिकभाऊ." पंधरा-वीस दिवस एवढंच. एकदा संध्याकाळी पाण्यावर पाचोळा दिसला म्हणून मी त्याला न विचारताच आडकाठी पाडली. काहीच आलं नाही. साहेबांनी फोनवर मला झाडलं, आणि देवकाबाईनं साऱ्या गावात माझी नक्कल करून दाखवली. मी मनात ठरवलं की आता डोळ्यांचं ऐकायचं नाही, कागदाचं ऐकायचं.

त्या सकाळी आभाळ दाटलेलं होतं. आदल्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला म्हणून तेजरामच्याच सांगण्यावरून मी कठडे पाडून ठेवले होते. आमच्याकडचं पाणी चढलं नव्हतं. सात वाजायच्या आधीच ट्रॉली येऊन उभी राहिली. कामावरचा जोडीदार रजेवर होता, मी एकटाच. बाया खाली उतरून माझ्याभोवती जमल्या आणि तेवढ्यात फोन वाजला.

"शालिकभाऊ, पाणी उतरून राहिलं."

आवाज तुटत होता. त्याला रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागायचं.

"उतरून राहिलं ना पक्कं?"

"पक्कं! माझ्या डोळ्यानं पाहून राहिलो ना मी."

फोन कटला. मी नोंदवहीत वेळ घालून लिहिलं, पाणी उतरून राहिले. आणि बायांना म्हटलं, उतरलं. बाया हसल्या. देवकाबाई म्हणाली, "पाहा वं बायांनो, भेवराम सुधरला." कठडे उभे करायला मी एकटा पुरा पडणार नाही म्हणून त्या वीसही बाया पुलावर आल्या. त्यांनी कठडे उचलून धरायचे आणि मी खिट्टी ठोकायची. गाणं म्हणत म्हणत कठडे उभे झाले. पाऊण तास लागलाच.

शेवटची खिट्टी ठोकताना मी खाली पाहिलं. पाण्यावर फेसाच्या पांढऱ्या वाट्या तरंगत होत्या आणि सागाची पानं. आमच्या काठाला जवळपास सागाचं झाड नाही. ती पानं डोंगरातली. मी परत आडकाठीपाशी येऊन उभा राहिलो आणि हात दोरीला लावून तसाच थांबलो.

"काहून थांबले? फोन आला ना?"

"पानं वाहून राहिले बाई."

"कालच्या पावसाचे असतीन. भाऊ, जाऊ का नाही? सांगा एकदाचं."

मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. डोक्यात शेवटच्या कागदाची शेवटची ओळ. मला राग आला, तिचा नाही, माझ्या घाबरटपणाचा. मी दोरी सोडली, आडकाठी वर गेली, आणि मी ओरडलो, "जा! जा आता!"

पंचवीस पावसाळ्यांत पहिल्यांदा.

ट्रॉली पुलाच्या मध्यावर गेली आणि पलीकडून ठेकेदाराचा डंपर समोर आला. त्याच्याजवळ चिठ्ठी होती, त्याच्या राखणदारानं सोडला. पूल एका गाडीचा. तू मागे घे, तू मागे घे सुरू झालं. ट्रॉली मागे घेणं सोपं नसतं, ती आडवी जाते. मी इकडून हात हलवून ओरडत होतो. आणि मग नदीचा आवाज बदलला. कसा ते मला सांगता येत नाही. आधी वाहत होती, आता येत होती.

डंपरवाल्याला ते दिसलं आणि तो भर्रकन मागे गेला. ट्रॅक्टरवाल्यानं पुढे नेऊन पाहिलं, पण तोवर पाणी पुलावरून सरकलं होतं आणि ट्रॅक्टर जागेवरच बंद पडला. "उतरा! कठडा धरा!" तो ओरडला. बाया उड्या टाकून उतरल्या आणि एका ओळीत, कठडा हातात धरून, माझ्या बाजूला चालायला लागल्या. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत.

नव्या पुलाच्या भरावावरून ठेकेदाराचा मुकादम जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "कठडे पाड! पाड ना गा! पूल जाईन!" नियम तोच होता. पाणी पुलावर आलं की कठडे तात्काळ पाडावेत. तिन्ही कागदांत न बदललेली ती एकच ओळ होती. हातोडा माझ्या हातात होता. वरून झुडपं येऊन कठड्याला अडकायला लागली होती, पूल पायाखाली थरथरत होता. मी हातोडा टाकून दिला. शौर्य म्हणून नाही. कठडा पडला तर त्या बाया कशाला धरतील, एवढंच दिसत होतं.

मी पाण्यात शिरलो. दहा पावलं असतील, पंधरा असतील. गुडघ्याच्या वर पाणी आलं आणि मला रडू फुटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. एका हातानं कठडा धरून दुसऱ्या हातानं एकेकीला मागे ओढत होतो. देवकाबाई सगळ्यांत शेवटी होती. ती बाया मोजत होती. त्या गोंधळातही मला तिचा आवाज येत होता, "सतरा... अठरा..."

विसावी ती स्वतः. माझ्यापासून हातभर अंतरावर असताना वरून एक ओंडका आला आणि कठड्यावर आदळला, नेमका तिचा डावा हात होता तिथं. ती ओरडलीसुद्धा नाही. मी तिला कमरेला धरून ओढलं आणि आम्ही दोघं काठावर येऊन पडलो. ट्रॅक्टरवालाही कसाबसा काठावर आला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली आमच्या डोळ्यांदेखत गेली, आणि मग कठड्याला अडकलेल्या झाडांसकट पुलाचे मधले दोन गाळे गेले.

जीव सगळे वाचले. देवकाबाईच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. पेंडी धरायचा हात.

आठ दिवसांनी मला नोटीस आली. तीत विचारलं होतं, कठडे वेळेत का पाडले नाहीत आणि त्यामुळे झालेल्या पुलाच्या हानीस आपणास जबाबदार का धरू नये. मी जे चुकीचं केलं होतं त्याबद्दल त्या कागदात एक अक्षर नव्हतं. मी उत्तर लिहिलं, कठड्याला माणसं होती. एवढंच.

चौकशी विश्रामगृहात झाली. तिथं मी तेजरामला पहिल्यांदा पाहिलं. बारीकसा माणूस, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. साहेबांनी माझी वही उघडली आणि त्याची उघडली. दोन्हींत तीच वेळ आणि तेच वाक्य. पाणी उतरून राहिले.

साहेब म्हणाले, "अरे, मग दोघांचंही बरोबर आहे की. चुकलं कुठं?"

तेजराम रडवेला झाला. "साहेब, पहाडातून पाणी उतरून राहिलं होतं. खाली येऊन राहिलं होतं. तेच तं सांगतलं मी. आमच्याकडं असंच म्हणते."

आमच्याकडे पूर उतरतो म्हणजे ओसरतो. त्याच्याकडे पाणी उतरतं म्हणजे डोंगरावरून खाली निघतं. त्यानं मला सांगितलं होतं, पूर निघाला, बंद कर. मी ऐकलं, पूर गेला, उघड.

मग देवकाबाईला बोलावलं. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. मी जमिनीकडे पाहत होतो. ती म्हणाली, "खोटं कायले सांगू साहेब? शालिकभाऊनं जा म्हटलं, म्हून गेलो. आन त्यानं कठडा उभा ठेवला, म्हून आलो. दोन्ही लिहा."

साहेबांनी दोन्ही लिहिलं. मला सक्त ताकीद मिळाली आणि चौथा कागद निघाला, तो सगळ्या चौक्यांना गेला. फोनवर फक्त "वाढ" किंवा "घट" म्हणावे. "उतरणे" हा शब्द वापरू नये. खात्याच्या कागदात आमच्या बोलीतल्या एका शब्दावर बंदी आलेली मी तरी दुसरी पाहिली नाही. तेजराम त्यानंतर कितीतरी दिवस विनाकारण फोन करायचा. "शालिकभाऊ, घट. घटून राहिलं. समजलं ना?" माझ्याकडे तेव्हा ना पूल होता ना आडकाठी. तरी मी म्हणायचो, समजलं.

नवा पूल झाला. त्याला बिजागरी नाही, खिट्टी नाही, राखणदारही नाही. कठडे सिमेंटचे, छातीएवढे. मी ऑफिसात शिपायाच्या कामाला गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. देवकाबाईची टोळी आता तिची सून चालवते. देवकाबाई पुलावरून बसनं जाते, डोळे मिटून. पायी कधी गेली नाही असं तिची सूनच सांगायची. मी तर बसनंही फारसा जात नाही.

यंदाच्या रोवणीत एके सकाळी फाट्यावर गेलो होतो. बस आलीच नव्हती. देवकाबाई डोक्यावर शिदोरीची टोपली घेऊन नव्या पुलाच्या तोंडाशी उभी होती. पलीकडे बाया रोवत होत्या, त्यांचं जेवण पोचवायचं होतं. ती उभी होती ती जागा मी ओळखली. माझी आडकाठी तिथंच असायची.

तिनं मला पाहिलं. थट्टा नव्हती तिच्या तोंडावर.

"शालिकभाऊ, जाऊ का?"

मी कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं. पाणी खूप खाली होतं, गढूळ, कडेनं भरलेलं. पट्टा नव्हता, फोन येणार नव्हता, कागद कुठलाच नव्हता. रोज शेकडो गाड्या जातात त्या पुलावरून. "या" म्हणायला काय जात होतं? तोंडातून ते निघेना.

"थांब बाई," मी म्हटलं. "मी येतो."

तिनं टोपली उजव्या हातानं सावरली आणि डावा हात माझ्या हातात दिला. अंगठा आणि एक बोट. आम्ही कडेनं नाही, रस्त्याच्या मधोमध चालत होतो. मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला, वाजवू दिला. अर्ध्यावर आलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तुमचा हात थरथरून राहिला."

"हव," मी म्हटलं. "चाल."